बाईंच्या भावाचं वाक्य

लातूर,
११ फेब्रुवारी १९८६

ती. उमाअक्कास विरूचा साष्टांग नमस्कार.

नोकरीचं विचारू नकोस असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं, म्हणून तू पहिल्याच ओळीत विचारलंस. लागली नाही. मराठीचा एम.ए. कुणालाच नकोय. पण माझं बरं चाललंय. कलेक्टर कचेरीसमोर एका टायपिंगवाल्याच्या दुकानात अर्धं टेबल भाड्यानं घेतलं आहे. बाहेर पाटी लावली: ‘भाषणे, मानपत्रे, मंगलाष्टके व इतर सर्व लिखाण करून मिळेल.’ अप्पा उदगीरहून दुकानाचा माल घ्यायला आले होते. पाटी दोनदा वाचली आणि म्हणाले, ‘‘एवढं शिकून लोकाच्या तोंडात शब्द घालून राहिलास? त्यापरीस दुकानात बस. गूळ तरी आपला असतो.’’

अप्पांना काय सांगू? लातूरचा जिल्हा होऊन चौथं वर्ष चालू आहे. नवी कार्यालयं, नव्या पतपेढ्या, नवी मंडळं. प्रत्येकाला अध्यक्ष आणि प्रत्येक अध्यक्षापुढे माइक. माइक भरपूर आले, बोलणारे आले नाहीत. ती तूट मी भरून काढतो. गेल्या आठवड्यात एका गृहस्थांनी स्वतःचंच मानपत्र माझ्याकडून लिहून घेतलं. मी ‘दानशूर’ लिहिलं, त्यांनी ‘थोर दानशूर’ करायला लावलं. जाता जाता म्हणाले, ‘‘त्यात ‘अत्यंत नम्र’ पण टाका हो.’’ टाकलं.

पाण्याचं विचारलंस. दुष्काळ सगळीकडे आहे तसा इथेही आहे. आमच्या गल्लीत नळाला माणसं रांगेत उभी राहत नाहीत, घागरी उभ्या राहतात. माणसं सावलीत बसून आपापल्या घागरीकडे बघतात. एखादीची घागर कुणी मागे सारली की तिची मालकीण उठते, भांडते आणि पुन्हा येऊन बसते. मजा असते.

एक सल्ला हवाय. बी.एड.चा एक मुलगा त्याचा निबंध लिहून मागतोय. लिहू का? दाजींना नमस्कार.

तुझा विरू

किनवट,
२० फेब्रुवारी १९८६

चि. विरूस अनेक आशीर्वाद.

लिहू नकोस. एवढ्या साध्या गोष्टीला टपाल कशाला लागलं?

अध्यक्षाचं भाषण लिही, हरकत नाही. ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं की अध्यक्षाला एवढं येत नाही. मंगलाष्टकं तर लोक लिहूनच घेतात. पण जिथे माणसाचं मोजमाप व्हायचंय तिथे तुझे शब्द ठेवू नकोस. दुसऱ्याच्या तराजूत आपलं वजन टाकायचं नसतं. दुकानदाराच्या मुलाला हे मास्तरणीनं सांगावं लागतं, काय म्हणावं?

तुझं पत्र रविवारी वसतिगृहातल्या मुलींना वाचून दाखवलं. रागावू नकोस. इथे जंगलात वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी येतं आणि त्यात हसण्यासारखं काही नसतं. थोर दानशूर मुलींना पाठ झालाय. घागरींच्या रांगेवर सगळ्या हसल्या. दहावीतली पंचफुला मात्र हसली नाही. म्हणाली, ‘‘बाई, मामांच्या गल्लीत नळ हाय?’’ तुला त्यांनी मामा करून टाकलंय.

तुझी अक्का

लातूर,
१८ मार्च १९८६

ती. अक्कास सा. नमस्कार.

निबंध लिहिला नाही. आता शाबासकी दे.

सोबत एक पत्रक पाठवतोय. इथल्या व्यापारी मंडळानं एक मेला वक्तृत्व स्पर्धा ठेवली आहे. लातूर आणि नांदेड, दोन्ही जिल्ह्यांतल्या दहावी दिलेल्या मुलामुलींसाठी. विषय ‘दुष्काळ आणि आपण’. पहिल्या नंबराला अकरावी-बारावीची दोन वर्षं मंडळाच्या वसतिगृहात मोफत जागा. लातूरच्या कॉलेजात शिकायला हल्ली कुठून कुठून मुलं येतात, तेव्हा जागेला मोल आहे. तुझ्या शाळेतलं कुणी असेल तर जरूर पाठव.

तेलाचे व्यापारी शिवलिंगअप्पा अप्पांच्या ओळखीचे. त्यांच्या बसम्माला भाषणासाठी जरा मदत केली. वक्तृत्व म्हणजे काही परीक्षा नव्हे, हौस असते. आणि अप्पांच्या ओळखीच्या माणसाला नाही कसं म्हणणार?

तुझा विरू

किनवट,
३० मार्च १९८६

चि. विरूस आशीर्वाद.

पत्रक अगदी वेळेवर आलं. पंचफुला येणार आहे.

तिच्याविषयी सांगते. तिचे वडील नरसिंग रेल्वेत गँगमन आहेत, घर जंगलाकडच्या वाडीत. पोरगी हुशार आहे आणि तिला पुढे शिकायचंय. पण दहावीनंतर वसतिगृह सोडावं लागतं. नांदेडला राहायची सोय नाही. तिची आई नागुबाई म्हणते, बस झालं, आता धर्माबादला मावशीकडे जाईल आणि मिरचीची देठं मोडायच्या कामाला लागेल. ही जागा मिळाली तर पोरगी शिकेल, नाही मिळाली तर जूनमध्ये धर्माबाद. इतकं सरळ आहे.

भाषण तिनं स्वतः लिहिलंय. ‘‘माझ्या भावाला दाखवू का?’’ असं मी विचारलं, तर म्हणाली, ‘‘नको बाई. मग ते मामांचं होईल.’’

बसम्माला ‘जरा मदत’ म्हणजे किती रे?

तुझी अक्का

लातूर,
१० एप्रिल १९८६

ती. अक्कास सा. नमस्कार.

मोठी बातमी. त्या स्पर्धेला मी परीक्षक झालोय! तिघांत एक. ठरलेले एक मुख्याध्यापक आजारी पडले, आणि मंडळाचे चिटणीस सिद्धलिंगअप्पा थेट माझ्या अर्ध्या टेबलापाशी आले. म्हणाले, ‘‘शब्द जाणणारा माणूस पाहिजे.’’ पत्रकं छापूनही आली. त्यांनी आपल्या मनानं माझ्या नावापुढे ‘प्रा.’ लावलंय. छपाई झाल्यावर काय बोलणार? अप्पांनी एक पत्रक उदगीरला नेऊन दुकानात गल्ल्याच्या वर चिकटवलं. अक्का, माझ्यासंबंधीचं काही अप्पांनी भिंतीवर लावलं, हे पहिल्यांदाच.

पंचफुलाचं मात्र बघ. उन्हाळा फार आहे, प्रवास लांबचा. शिवाय इथली मुलं फार तयारीची असतात. पोरगी हिरमुसेल. दुसरी एखादी स्पर्धा बघितलीस तर?

तुझा विरू

किनवट,
१७ एप्रिल १९८६

चि. विरूस आशीर्वाद.

तुझं अभिनंदन. दाजींनी आल्यागेल्याला सांगितलं की मेहुणा प्राध्यापक झाला. कसा झाला ते मी सांगितलं नाही.

पंचफुलाला नको पाठवू म्हणतोस, त्यामागचं मला कळलं. बहिणीची विद्यार्थिनी, म्हणून लोक बोट ठेवतील याची तुला भीती आहे. तू लहानपणापासून असाच सरळ. त्यावर सोपा उपाय आहे. सिद्धलिंगअप्पांना आधीच सांग की एक मुलगी माझ्या बहिणीच्या शाळेची आहे, तिला मी गुण देणार नाही, बाकीचे दोघं देतील. झालं.

मला दहावीचे पेपर तपासायचे आहेत, मी येऊ शकत नाही. नरसिंगभाऊ तिला घेऊन येतील. मुदखेडपर्यंत रेल्वेच्या पासवर, पुढे एसटी. तुझा मला अभिमान वाटतो, हे लिहून ठेवते.

तुझी अक्का

लातूर,
२३ एप्रिल १९८६

अक्का,

तो अभिमान परत घे. मी सरळ नाही.

‘जरा मदत’ म्हणजे बसम्माचं सगळं भाषण मी लिहिलं. ते ऐकून तिच्या मैत्रिणीचे वडील आले. मग औशाचे एक डॉक्टर मुलाला घेऊन आले. मग सांगोवांगी वाढत गेलं. आता त्या स्पर्धेतली आठ भाषणं माझी आहेत. विषय एकच, म्हणून एकात दुष्काळाला राक्षस केलं, एकात गुरू, बसम्माच्या भाषणात आरसा. डॉक्टरांच्या मुलापर्यंत येता येता उपमा संपल्या, तेव्हा त्याला आकडे दिले. आणि मग त्याच स्पर्धेचा मी परीक्षक झालो. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, कारण पत्रकावर नाव येणार होतं.

आता इकडे आड, तिकडे विहीर. माझ्याच लिखाणाला मी गुण कसे देऊ? पंचफुलाला खाली ठेवलं तर पाप, वर ठेवलं तर वशिला. खरं बोलावं, तर ज्यांनी विश्वासानं काम दिलं त्यांना तोंडघशी पाडल्यासारखं होईल, धंदा बसेल आणि अप्पांना भिंतीवरचा कागद फाडावा लागेल.

काल सिद्धलिंगअप्पांकडे जाऊन म्हटलं, ‘‘मला मोकळं करा, माझा घसा बसलाय.’’ ते म्हणाले, ‘‘परीक्षकाला घसा कशाला लागतो? गप बसून तर ऐकायचं हाय!’’

काय करू ते लगेच कळव.

विरू

(पोस्टकार्ड)
किनवट, २७ एप्रिल

विरू,

राग इतका आलाय की पाकिटाचं पत्र लिहिलं तर जास्त लिहीन. मी सांगितलेलं तुला कळलं नव्हतं असं नाही. कळूनही केलंस. त्या खुर्चीवरून ऊठ. घशाचं निमित्त सांगू नकोस, खरं कारण सांग. पंचफुलाला मी काही बोललेले नाही. ती दिवसभर भाषण म्हणत फिरते आहे.

अक्का

लातूर,
३ मे १९८६

ती. अक्कास सा. नमस्कार.

तुझं पोस्टकार्ड स्पर्धेच्या आदल्या दिवशी मिळालं. खिशात घालूनच सभागृहात गेलो. सुरुवातीलाच उठून सांगायचं असं ठरवलं होतं. तेवढ्यात कुणीतरी छातीला बिल्ला लावला, सरबत दिलं, माइकवरून ‘प्राध्यापक विरूपाक्ष’ असं नाव घेतलं आणि मी बसलो. अक्का, खुर्ची वाईट असते. उदगीरहून अप्पाही आले होते, दुसऱ्या रांगेत, धुतलेला रुमाल डोक्याला बांधून.

भाषणं सुरू झाली. राक्षस आला, गुरू आला. टाळ्या पडत होत्या आणि मी मान खाली घालून कागदावर रेघोट्या ओढत होतो. बसम्माचा आरसा आला. ती मध्येच ‘प्रतिबिंब’ शब्दावर अडली आणि परीक्षकाचे ओठ आपोआप हलले. तिनं माझ्याकडे बघून शब्द उचलला. शेजारच्या मडिवाळप्पा गुरुजींनी चष्म्याआडून माझ्याकडे पाहिलं. दुसरे परीक्षक, निवृत्त हेडमास्तर ते, त्यांनी आयुष्यभर कॉपी पकडलेली.

पंचफुला शेवटून दुसरी. मागे दाराशी नरसिंगभाऊ रेल्वेच्या खाकी शर्टात उभे होते. खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी उभे होते. माइक पोरीला उंच पडत होता, तिनं तो स्वतः खाली ओढला आणि सुरुवात केली.

‘‘लातूरला नळावर माणसं रांगेत उभी राहत नाहीत, घागरी उभ्या राहतात. माणसं सावलीत बसून आपापल्या घागरीकडे बघतात. हे वाक्य माझं नाही. आमच्या बाईंच्या भावाचं आहे, विरूपाक्षमामांचं. बाई आम्हाला त्यांची पत्रं वाचून दाखवतात. पण मामांनी अर्धंच लिहिलंय. आमच्या वाडीत नदीच्या वाळूत झिरा खोदतात. वाटी वाटीनं घागर भरावी लागते. घागर रांगेत ठेवून सावलीत बसायलासुद्धा आधी गावात नळ असावा लागतो.’’

तेवढ्यात मधल्या रांगेतून आवाज आला, ‘‘विरूपाक्ष म्हंजे हेच की! परीक्षक पोरीचा मामा हाय! बाद करा तिला!’’ हे औशाचे डॉक्टर. ज्यांच्या मुलाला मी आकडे दिले ते. मग गलका झाला. सिद्धलिंगअप्पा घाईघाईनं उठले, यादीतल्या तिच्या नावावर पेन टेकवलं आणि म्हणाले, ‘‘पोरी, तू खाली उतर.’’

ती उतरली नाही. माइकवरच म्हणाली, ‘‘दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर नाव सांगावं, असं बाईंनी शिकवलंय. माझं काय चुकलं?’’

मागे नरसिंगभाऊ दोन पावलं पुढे आले आणि थांबले. कुठवर यावं ते त्यांना कळेना. मला इतकी लाज वाटली, अक्का, की उठायला बळ लागलंच नाही.

मी म्हटलं, ‘‘तिचं काही चुकलं नाही. ती माझ्या बहिणीची विद्यार्थिनी आहे, हे मी आधी सांगायला हवं होतं. तिनं माझं एक वाक्य घेतलं आणि नाव सांगितलं. आज इथे झालेली आणखी आठ भाषणं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत माझी आहेत. त्यात माझं नाव कुणी घेतलं नाही, मीसुद्धा नाही. मुलांना दोष देऊ नका. कोणाची ती मी सांगणार नाही, ज्यांची त्यांना ठाऊक आहेत.’’ डॉक्टर खाली बसले. मी बिल्ला काढून टेबलावर ठेवला. निघता निघता आठवलं म्हणून म्हटलं, ‘‘आणि मी प्राध्यापक पण नाही.’’ त्यावर मात्र लोक हसले. अप्पांकडे बघायचं धाडस झालं नाही.

पुढचं मी दाराशी, नरसिंगभाऊंच्या शेजारी उभं राहून पाहिलं. मडिवाळप्पा गुरुजी उठले. ‘‘विरूपाक्षाचं भाषण लई झालं,’’ म्हणाले, ‘‘आता लेकरांचं ऐकू.’’ त्यांनी जागच्या जागी नवा विषय दिला: ‘आमच्या घरी पाणी कोण आणतं’. सगळ्यांनी पुन्हा बोलायचं, कागद नाही, पाठांतर नाही. डॉक्टरांचा मुलगा म्हणाला, ‘‘मला माहीत नाही,’’ आणि खाली बसला. खरं बोलल्याबद्दल गुरुजींनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

आणि बसम्मा! आरसाबिरसा टाकून ती नेहमीच्या भाषेत बोलली. टँकर आला की तिची आजी मल्लम्मा कशी सोवळं विसरून पळते, तिचे वडील बादली हातात घेऊन दिसू नये म्हणून कसे मागच्या दारानं येतात. लोक पोट धरून हसले, शेवटी डोळे पुसले. पहिला नंबर बसम्माचा. पंचफुला दुसरी.

पण जागा पहिल्यालाच होती. सिद्धलिंगअप्पा वसतिगृहाचं पत्र बसम्माच्या हातात द्यायला लागले, तर ती म्हणाली, ‘‘मी वसतिगृहात कशाला जाऊ? माझं घर हाय की इथंच, गोलाईमागं. हिला द्या.’’ मडिवाळप्पा गुरुजींनी ‘‘दे, दे’’ म्हणून सिद्धलिंगअप्पांच्या हातातला कागद घेतला आणि पंचफुलाला दिला. नरसिंगभाऊंनी माझा हात धरला. मग म्हणाले, ‘‘जयभीम, मामा.’’

बाहेर बसम्माच्या वडिलांनी, शिवलिंगअप्पांनी मला गाठलं. ‘‘माझी पोरगी पहिली आली ती तुझ्यामुळं का तुझ्याशिवाय?’’ मी म्हटलं, माझ्याशिवाय. ते म्हणाले, ‘‘मग झालं तर. चहा पाज.’’

अप्पा मला न भेटताच गाडीला गेले.

तुझा विरू

किनवट,
११ मे १९८६

चि. विरूस अनेक आशीर्वाद.

पंचफुला आली तेव्हा मला आधी तुझीच हकीकत सांगितली, नंबराची नंतर. म्हणाली, ‘‘बाई, मामा खाली मान घालून बसले होते, पण उठले.’’ नागुबाई शाळेत येऊन विचारून गेली की लातूरला पोरीला भाकरी ज्वारीची मिळेल ना. म्हणजे धर्माबाद रद्द.

राग गेला असं समजू नकोस. पण उशिरा का होईना, उठलास. मीही तुझी पत्रं तुला न विचारता वाचून दाखवत होते, तेव्हा फार बोलायला मला तोंड नाही. अप्पांना मी काही लिहिलेलं नाही. ते तुझं तू बघ.

तुझी अक्का

लातूर,
६ ऑगस्ट १९८६

ती. अक्कास सा. नमस्कार.

पंचफुला अकरावीला रुळली. दर रविवारी माझ्याकडे येते, चहा पिते आणि माझ्या लिखाणात चुका काढते.

धंदा निम्म्यावर आला. विद्यार्थ्यांचं काही घेत नाही, पाटीवर तसं लिहून टाकलंय. मंगलाष्टकं तेवढी जोरात आहेत. थोर दानशूर परवा आले होते. ‘‘तुम्ही खरं बोलता म्हणे,’’ म्हणाले आणि चांभारचौकशा करून परत गेले.

गेल्या आठवड्यात उदगीरला जाऊन आलो. पत्रक गल्ल्यावर तसंच होतं, अक्का. फक्त ‘प्रा.’ तेवढं अप्पांनी निळ्या पेनानं खोडलं होतं. मी बघत राहिलो. ते गिऱ्हाइकाला गूळ तोलत म्हणाले, ‘‘जेवून जा.’’ मला भर दुकानात रडू आलं.

आणखी एक. इथल्या एका साप्ताहिकानं पाण्यावर लेख मागितला, माझ्या नावानं. घागरींच्या रांगेपासून सुरू केला, पण शेवट काही जमेना. जे लिहावं त्याच्यापुढे पंचफुलाचं ते नळाचं वाक्य उभं राहायचं. शेवटी रविवारी तिलाच विचारलं, ‘‘तुझं वाक्य मी वापरू का?’’

तिनं बशीतला चहा संपवला, तोंड पुसलं आणि म्हणाली, ‘‘वापरा मामा. पण नाव घाला.’’

घातलंय. अंक सोबत पाठवतोय. मुलींना वाचून दाखवशील तेव्हा दोन्ही नावं वाच.

तुझा विरू